हात दाखवा, नाव लपवा

गॅलरीच्या भिंतीवर चित्राशेजारी जी छोटी चिठ्ठी लावलेली असते ती तुम्ही कधी नीट वाचली आहे का? चित्रकाराचे नाव, जन्मसाल, माध्यम, आकार, कधीकधी किंमत. आता त्याच दालनात खाली चौथऱ्यावर मांडलेल्या पाटाकडे, मडक्याकडे, समईकडे वळा. तिथल्या चिठ्ठीवर असते ‘लॅकरवेअर, कुंकळ्ळी’. किंवा ‘टेराकोटा, डिचोली’. किंवा नुसतेच ‘ट्रॅडिशनल क्राफ्ट, गोवा’. म्हणजे चित्र माणसाने काढले आणि पाट गावाने केला! कुंकळ्ळी नावाची कोणी बाई असावी आणि तिने फावल्या वेळात बसून तो रंगवला असावा, अशीच ही भाषा आहे.

पणजीतल्या एका खाजगी गॅलरीत गोमंतकीय हस्तकलांचे असेच एक प्रदर्शन मी पाहिले. तिचे नाव घेत नाही, कारण नाव घेतले की वाद त्या एका जागेपुरता होतो आणि बाकीचे सुटतात. हा रोग एका जागेचा नाही. प्रदर्शन देखणे होते यात शंका नाही. दिवे उत्तम, मांडणी उत्तम. कोणती वस्तू कशी घडते याची माहिती भिंतभर लावलेली. त्या माहितीच्या मधोमध एक सहा फुटी फोटो होता. त्यात होते फक्त दोन हात. मातीने माखलेले, नखे झिजलेले, शिरा वर आलेले. फोटो काढणाऱ्याचे नाव खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले होते. ते हात कोणाचे, हे मात्र संबंध दालनात कुठेही लिहिलेले नव्हते.

हल्ली ही पद्धतच पडली आहे. कारागिराचे हात दाखवायचे, चेहरा कापायचा, नाव गाळायचे आणि वर ‘तंत्र’ म्हणून चार परिच्छेद लिहायचे. तंत्र म्हणजे जणू पाककृती. साहित्य आणि कृती लिहून दिली की संपले. पण तंत्र तसे असते का?

कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे काम घ्या. लाकूड चरकावर फिरत असते. त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि लाकडावर चढते. चिठ्ठीवर एवढे लिहिता येते. पण कांडी किती दाबायची, लाकूड किती ओले चालेल, लाख कोणत्या क्षणी चढते आणि कोणत्या क्षणी करपते, हे चिठ्ठीवर लिहिता येत नाही. ते मनगटाला कळते, आणि मनगट कोणा एका माणसाचे असते.

कावीचेही तसेच. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ एकत्र मुरत घालायचे, कुटायचे, त्याचा गिलावा करायचा. त्यावर काव मातीचा लाल थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग वर काढायचा. भिंत वाळायला लागली की हात थांबला पाहिजे, मग चूक सुधारता येत नाही. कागदावर चित्र काढणाऱ्याला खोडरबर तरी असते. कावीवाल्याला तेही नाही. तरीही कागदवाला ‘आर्टिस्ट’ आणि भिंतवाला ‘कारागीर’. ही विभागणी कोणी केली, कशावर केली, हे एकदा विचारायला हवे.

त्या प्रदर्शनात एक ‘लाइव्ह डेमो’ही होता. वयस्कर कुंभार चाकावर बसलेले आणि भोवती मोबाईल धरून उभी असलेली मंडळी. कोणी विचारत होते, हे धुता येते का? कोणी म्हणत होते, थोडे हळू फिरवा, व्हिडिओ नीट येत नाही. गर्दी ओसरल्यावर मी जवळ जाऊन विचारले, “मामा, तुमचें नांव खंय बरयलां?” ते हसले. म्हणाले, “नांव? तें बिलाचेर आसतलें, बाब.” बिल कोणाच्या नावाचे ते मी पुढे काउंटरवर पाहिले. ते मधल्या पुरवठादाराच्या नावाचे होते.

आयोजकांपैकी एका बाईंना मी हे सांगितले. त्यांनी फारच गोड उत्तर दिले. म्हणाल्या, “अहो, पण त्यांना एक्स्पोजर मिळतंय ना!” ज्याचे नाव कुठे नाही त्याला एक्स्पोजर कसले मिळते? चिठ्ठीवर नाव नाही, बिलावर नाव नाही, फोटोत तोंड नाही. उद्या कोणाला त्या मामांकडून दहा मडकी हवी असतील तर तो त्यांना कसा शोधणार? हातांवरून?

आता याच पणजीतले दुसरे उदाहरण देतो. इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशा आहेत. कामोइशच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर रंगवलेले आहेत. त्या १९३५ सालच्या असून जोर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या आहेत, हे गोव्यात कलेत थोडाफार रस असलेल्या कोणालाही सांगता येते. समुद्रापलीकडच्या माणसाने फरशीवर केलेल्या कामाचे नाव आपण नव्वद वर्षे जपले, आणि ते जपलेच पाहिजे. पण पणजीहून बसने तासा-दोन तासांत पोचता येईल अशा गावातल्या माणसाचे नाव चिठ्ठीवर लिहायला आपल्याकडे जागा नाही. फरशी हीसुद्धा हस्तकलाच होती ना?

जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात गेलात तर तिथल्या हस्तिदंती आणि लाकडी मूर्ती पाहा. कलेच्या इतिहासात या शैलीला ‘इंडो-पोर्तुगीज’ म्हणतात. करवून घेणाऱ्या पंथांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. घडवणारे बरेचसे इथलेच कारागीर होते, पण त्यांतल्या बहुतेकांची नावे कायमची गेली. तिथे आता कोणाला दोष देऊन उपयोग नाही, काळ उलटून गेला. पण आजचा कारागीर हयात आहे, त्याच्या खिशात मोबाईल आहे, त्याच्याकडे आधार कार्ड आहे. त्याचे नाव हरवत नाही, ते गाळले जाते.

यावर एक ठरलेले उत्तर येते, आणि ते बहुधा शिकलेल्या माणसांकडून येते. ‘आपली परंपराच अनामिक आहे. कारागीर अहंकार सोडून काम करत असे. सही करणे ही पाश्चात्त्य कल्पना.’ ऐकायला छान वाटते. खरे मात्र नाही. मराठवाड्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ब्राह्मीत कोरले आहे की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात होयसळांच्या देवळांत तर शिल्पींच्या सह्यांची रेलचेल आहे. १११७ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या बेलूरच्या देवळात बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांची नावे आहेत. १२६८ च्या सोमनाथपूरच्या देवळात मल्लितम्माने मूर्तींखाली पुन्हा पुन्हा आपले नाव कोरून ठेवले आहे. हे लोक देवाचेच काम करत होते आणि त्यांना नाव लिहायला लाज वाटत नव्हती. अहंकार सोडण्याचा उपदेश फक्त कारागिरालाच का? मग क्युरेटरच्या नावाचा फलक दारातच एवढा मोठा का असतो?

नाव लिहिल्याने परंपरा बिघडते असेही कोणी म्हणतात. वारली चित्रे घ्या. लग्नघरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रे, आणि ती काढायच्या बायका. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, रोज चित्रे काढली, स्वतःच्या नावाने काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या नावामुळे वारली कला संपली का? उलट त्यांच्यामागून आणखी किती नावे आली. भोपाळच्या भारत भवनात १९८२ मध्ये ज. स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंत आणि शहरी चित्रकार यांना एकाच संग्रहालयात बरोबरीने जागा दिली. तिथून जनगढ सिंह श्याम हे नाव देशभर गेले. १९९८ मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये ज्योतींद्र जैन यांनी ‘अदर मास्टर्स’ हे प्रदर्शन भरवले. त्यात म्हसे होते, जनगढ होते, गंगादेवी आणि सोनाबाई होत्या, आणि नीलमणी देवी होत्या. या नीलमणी देवी मणिपूरच्या मडकी घडवणाऱ्या. प्रत्येकाच्या कामाचा नावानिशी, स्वतंत्र विचार तिथे झाला. दिल्लीत जे १९९८ मध्ये झाले ते पणजीत अजून व्हायचे आहे.

पण सगळे खापर गॅलरीच्या माथी फोडून आपण मोकळे होणार असू, तर तेही खोटेपणाचे ठरेल. गावाने तरी कारागिराचे नाव कुठे घेतले? गावात ‘कुंभार आला’, ‘चितारी आला’, ‘कांसाराकडे दिली’ असेच बोलले गेले. बांबूच्या टोपल्या, सुपे विणणाऱ्याला तर जातीच्याच नावाने हाक मारायची, आणि तीही अंगणाबाहेरून. त्याने विणलेले सूप देवकार्याला चालायचे, तो मात्र चालायचा नाही. गावाला नाव माहीत होते, पण ते घ्यायची तयारी नव्हती. आज गॅलरीने जातीचे नाव पुसून तिथे ‘ट्रॅडिशनल आर्टिझन’ असे लिहिले आहे. अक्षर सुंदर आहे, कागद जाड आहे. वागणूक तीच.

तरीही गावात एक गोष्ट होती आणि काही ठिकाणी अजून आहे. आमच्याकडे गणपती जिथे घडतात त्या जागेला चित्रशाळा म्हणतात. मला विचाराल तर गोव्यातली अस्सल गॅलरी तीच. चवथीच्या कितीतरी आधी घरचा पाट चित्रशाळेत पोचतो. अमक्या घरचा गणपती अमक्याकडे, त्याच्या बापाकडे, आज्याकडे, असे पिढ्यांचे ठरलेले असते. मूर्तीखाली सही नसते, आणि दीड, पाच किंवा सात दिवसांनी मूर्ती विसर्जित होते. पण कोणी केली हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते, कारण तो पाट घेऊन बापाबरोबर तिथे गेलेला असतो, डोळे रंगवताना श्वास रोखून उभा राहिलेला असतो. तिथे नाव लिहायची गरज पडली नाही, कारण घेणारा आणि करणारा एकमेकांना ओळखत होते. गॅलरीत ती ओळख उरत नाही. वस्तू मुंबईच्या, बंगळूरच्या, परदेशातल्या दिवाणखान्यात जाते. ओळख तुटली की तिच्या जागी अक्षर यायला हवे. एवढा साधा हिशेब आहे.

आणि ते अक्षर कोणत्या लिपीत? हाही प्रश्न विचारतो, राग आला तरी चालेल. त्या प्रदर्शनातली एकूण एक चिठ्ठी इंग्रजीत होती. चाकावर बसलेल्या मामांना स्वतःच्या मडक्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. कावीला तिथे ‘स्ग्राफितो’ म्हटले होते, भाजल्या मातीला ‘टेराकोटा’, काव मातीला ‘रेड पिगमेंट’. मराठी-कोंकणीचे भांडण आपण गोव्यात इतकी वर्षे भांडलो, अजूनही भांडतो. पण चिताऱ्याचे, कुंभाराचे, कांसाराचे शब्द दोन्ही भाषांना सामायिक आहेत, आणि ते दोन्ही भाषांच्या देखत चिठ्ठीवरून उतरताहेत. तेव्हा मात्र दोन्हीकडचे पुढारी फीत कापण्यात गुंतलेले असतात.

बरे, ही फक्त सभ्यतेची बाब आहे असेही नाही. कायदाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम २(सी) मध्ये ‘कलाकृती’ची व्याख्या दिली आहे. तिच्यात चित्र, शिल्प यांच्याबरोबर कलात्मक कारागिरीच्या कृतीही स्पष्ट शब्दांत घेतल्या आहेत. कलम ५७ सांगते की कृती विकली, तिचे हक्क दुसऱ्याला दिले, तरी ‘ही मी केली’ असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क राहतो. हा हक्क नुसता पुस्तकात नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले, त्याची मोडतोड झाली. ते केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाखाली त्यांच्या बाजूने निकाल दिला. पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत. परंपरागत नक्षीवर कोणा एकाची मालकी नसते हे मान्य. पण त्या नक्षीतून घडवलेला हा पाट, हा एक पाट, कोणा एकाचाच असतो. सहगलांना वकील मिळाला. कुंकळ्ळीच्या चिताऱ्याला कोण मिळणार?

जीआयचे नाव काढून इथे फसू नये. २००९ मध्ये फेणीला जीआय मिळाले, २०२३ मध्ये बेबिंका आणि मानकुरादला मिळाले, आनंदच आहे. पण जीआय प्रदेशाचे नाव राखते, माणसाचे नाही. हस्तकलांना ते मिळाले तरी चिठ्ठीवर पुन्हा गावच येईल.

मी सरकारी कारकून आहे. आमच्या कार्यालयात स्टॅम्प पॅड घ्यायचे झाले तरी मागणी कोणी केली, तपासणी कोणी केली, मंजुरी कोणी दिली, अशा तीन सह्या लागतात. लोक त्यावर हसतात. पण त्या सह्यांमुळे दहा वर्षांनीही कळते की कोणी काय केले. सरकारला तर कारागिराचे नाव लिहिणे जमले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया विणणारे त्यांत येतात. त्यांना नावाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि प्रशिक्षणाला बसले तर दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे शिकायला बसलेल्या कारागिराचा दिवस सरकार ५०० रुपयांचा धरते. आणि गॅलरीत दिवसभर चाक फिरवून शंभर लोकांना शिकवणाऱ्या कारागिराचा? चहा आणि पॅटीस!

खरे कारण इथेच आहे, ते बोलून टाकू. नाव आणि गाव लिहिले तर गिऱ्हाईक थेट घरी जाईल, ही भीती आहे. मधल्याचा नफा नाव लपवण्यावर उभा आहे. मधल्याने नफा घेऊ नये असे मी म्हणत नाही. जागेचे भाडे आहे, विजेचे बिल आहे, माल फुटतो, पडून राहतो. त्याने आपला वाटा उघडपणे सांगावा आणि घ्यावा. चित्रांच्या बाबतीत गॅलऱ्या नेमके हेच करतात. चित्रकाराचे नाव मोठ्या अक्षरात आणि कमिशन करारात. चित्रकाराला जो नियम तो चिताऱ्याला का नाही?

‘एका वस्तूला चार हात लागतात, कोणाकोणाची नावे लिहिणार?’ हाही एक प्रश्न येतो. सगळ्यांची लिहा! सिनेमात दिवे लावणाऱ्याचेही नाव येते. चरक बापाने फिरवला असेल, रंग आईने भरला असेल, पॉलिश मुलीने केले असेल, तर तिघांची लिहा. उलट यामुळेच बायकांची नावे पहिल्यांदा कागदावर येतील. क्रोशाचे विणकाम करणाऱ्या आमच्या कितीतरी बायकांना घराबाहेर ‘अमक्याची बायको’ एवढीच ओळख आहे.

तेव्हा मागणे तीनच आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. एक, प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर करणाऱ्याचे नाव आणि गाव, देवनागरीतसुद्धा. दोन, प्रात्यक्षिकाला बसवले तर दिवसाची मजुरी, आधी ठरवून आणि लेखी. तीन, वस्तू कितीला घेतली आणि कितीला विकली याची नोंद करणाऱ्याला दाखवावी. ज्या प्रदर्शनाला सरकारचा पैसा, सरकारची जागा किंवा नुसता मंत्री जरी लागत असेल, तिथे या तीन अटी परवानगीच्या कागदावरच घालाव्यात. त्याला नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरते. परिपत्रके कशी निघतात ते मला ठाऊक आहे. वरून इच्छा असली तर एका दुपारी निघते.

आणि वाचकहो, आपण? डिसेंबरात पणजीत कलांचे महोत्सव भरतात, जानेवारीत लोकोत्सवाला आपण मुलाबाळांसह जातो, मेमध्ये पुरुमेंतासाठी म्हापशाच्या बाजारात मडकी ठोकून बघतो. पहिला प्रश्न आपला ठरलेला: “कितीक दिता?” तो जरूर विचारा, घासाघीसही करा, आपली पगारदार माणसे. फक्त त्याआधी एक विचारा, हे कोणी केले? सांगता आले नाही तर दुकानदाराला म्हणा, विचारून ठेवा, मी पुढच्या शुक्रवारी येतो. दहा गिऱ्हाइकांनी असे म्हटले तर अकराव्याच्या वेळी चिठ्ठी तयार असेल. दुकानदाराला एवढे व्यवहारज्ञान असते. गॅलरीवाल्यांनाही असेलच.

बघा पटते का.